डक्टमधली शिट्टी आणि माझ्या आठ डब्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, हे तू अजून कळवलेलं नाहीस. ते कळव, कारण दोन्हींवर माझ्याकडे वेगवेगळे उपाय आहेत. भाऊजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. (थांबला नसेल तर मी सांगितलेला वाफारा त्यांनी घेतलेला नाही हे उघड आहे.) इकडे मी आणि तुझी भावजय खुशाल आहोत. तिची माझ्यावर नाराजी आहे, पण ती लग्नापासूनचीच असल्यामुळे तिला बातमी म्हणता येणार नाही. आता चहाचा कप घेऊन नीट बस, कारण पत्र लांबणार आहे. या दहा दिवसांत मी एक मोठं शास्त्रीय काम तडीला नेलं आहे. ते आपल्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि इथल्या लोकांना त्याची किंमत नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांचे डॉक्टर दवाखाना चालवतात ते तुला माहीत आहेच. माणूस सज्जन, हात हलका, आणि माझी उजवी दाढ त्यांनी अर्धी कोरून ठेवलेली आहे. तर गेल्या आठ महिन्यांपासून इमारतीत एक शिट्टी वाजते. बारीक, टोकदार, डोक्यात घुसणारी, असं सगळे म्हणतात. मला स्वतःला ती कधी जाणवली नाही, कारण माझं मन नेहमी कामात गुंतलेलं असतं. तुझ्या भावजयीला ती न्हाणीघरात ऐकू येते, वरच्यांना त्यांच्या न्हाणीघरात, खालच्यांना त्यांच्या. कारण इमारतीच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत हवेसाठी एक पोकळी सोडलेली आहे. तिला सगळे डक्ट म्हणतात, आणि प्रत्येकाच्या न्हाणीघराची खिडकी तिच्यातच उघडते. दवाखान्याचीही. शिट्टी दर महिन्याच्या एक तारखेला सुरू होते आणि बाराच्या आसपास आपोआप मरते. आता तूच सांग, लोकांना संशय घ्यायला आणखी काय हवं? दात कोरायचं यंत्रही असंच किंचाळतं, आणि पगार झाला की पहिल्या पंधरवड्यात दात दाखवायला गर्दी होते. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी सुरू झाली.

या फाशीचे सूत्रधार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निरीक्षकसाहेब. हयातभर त्यांनी दुकानादुकानांतून वजनं आणि तराजू तपासले. आता निवृत्त झाल्यावर आमच्या समितीचे अध्यक्ष होऊन आम्हाला तपासतात. त्यांनी फळ्यावर सूचना लावली, की बारा तारखेच्या रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर सभा, विषय एकच, दवाखान्याची जागा खाली करून घेणे. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की आवाज माझा नाही, पण ऐकतो कोण. (हल्ली लोक ऐकतच नाहीत. आणि बोलतात तेही तोंडातल्या तोंडात. पूर्वी माणसं कशी खणखणीत बोलायची! आता दूरदर्शनवरचे बातम्या देणारेसुद्धा पुटपुटतात, त्यामुळे मला आवाज पूर्ण मोठा करावा लागतो आणि तुझी भावजय दार लावून घेते.) डॉक्टरांची सोळा वर्षांची बसलेली घडी मोडणार होती. त्यांची ती उठणारी-झोपणारी खुर्ची जमिनीत बोल्टांनी पक्की केलेली आहे. ती उचकटायला माणूस कधी बोलवायचा, हे ते बिचारे कंपाउंडरला विचारताना मी पाहिले. हे थांबवायचं मी तिथेच ठरवलं. शिवाय दाढ होतीच.

तेव्हा मी निरीक्षकसाहेबांना सांगून टाकलं की आवाज कुठून येतो हे शास्त्राने ठरेल, फळ्यावर नाही. एकतीस वर्षं मी तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत काढली ती काही खुर्च्या मोजत नाही. निवृत्त होताना तिथल्या विद्यार्थ्यांनी अर्धवट सोडलेला एक प्रकल्प मी रीतसर मागून घरी आणला होता. आठ बिनतारी डब्या आहेत. साबणाच्या वडीएवढ्या. प्रत्येकीत एक मायक्रोफोन, एक बॅटरी आणि आपसांत निरोप पाठवायला एक छोटा रेडिओ. तुला समजेल असं सांगतो. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर चालतो, म्हणजे वेगाने असला तरी चालतच येतो. जवळच्या डबीला आधी पोचतो, लांबच्या डबीला मागाहून. कुठल्या डबीला किती उशीर झाला एवढं कळलं, की उलट हिशेब करून तो निघाला कुठून ते ठरवता येतं. फक्त आठही डब्यांची घड्याळं अगदी जुळलेली हवीत. म्हणून एक मुख्य डबी सगळ्यांना सतत ठोके देत राहते. (तुझ्या लग्नात वाजंत्र्यांचा म्होरक्या देत होता तसे, फक्त ही वेळ चुकवत नाही.) सलग शिट्टीत एक अडचण असते, तिला सुरुवात कुठे नि शेवट कुठे हेच कळत नाही. पण ही शिट्टी मध्येच तुटायची आणि पुन्हा लागायची. ती लागण्याचा क्षण माझ्या डब्या बरोब्बर टिपायच्या.

डब्या मी डक्टभर टांगल्या. मुख्य डबी आमच्या घरी, आणि संगणकावर इमारतीचा नकाशा. त्यात जिथे आवाज तिथे लाल बिंदू. पहिल्याच दिवशी बिंदू उमटला, पण अशा ठिकाणी उमटला की जिथे आवाज असणं शक्यच नव्हतं. हे मी हवेत बोलत नाही. त्या ठिकाणी मी स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर तासभर बसलो आणि हूं की चूं ऐकू आलं नाही. तेव्हा यंत्रात चूक आहे हे सिद्ध झालं. अशा वेळी अनाडी माणूस यंत्र फेकून देतो, जाणता माणूस दुरुस्तीची संख्या काढतो. मी ती रात्रीच्या जेवणाआधी काढलीसुद्धा. बिंदू एक मजला खाली आणि दीड मीटर उजवीकडे सरकवायचा. तसा सरकवल्यावर तो थेट निरीक्षकसाहेबांच्या गीझरवर जाऊन बसला. याहून सयुक्तिक जागा कुठली? पाणी तापताना शिट्टी होते हे शाळेतलं पोरही सांगेल.

निरीक्षकसाहेब नाही नाही म्हणत होते, असं त्यांच्या मानेवरून वाटलं, पण मी प्लंबरला घेऊनच गेलो होतो. गीझर उतरवला. उतरवताना वरचा नळ बंद करायचा राहिला होता. (तो प्लंबरने करायचा असतो. प्लंबर म्हणतो मी चारदा विचारलं आणि तुम्ही चारदा हो म्हणालात. ज्याला स्पष्ट बोलता येत नाही त्याने विचारूच नये.) निरीक्षकसाहेब अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळून निघाले, बाहेरच्या खोलीतला गालिचा गेला, आणि गीझर चार तुकड्यांत जमिनीवर पडलेला असताना, तुझी भावजय म्हणते, शिट्टी आपली मजेत वाजतच होती.

मी खचलो नाही. पुन्हा मोजलं. बिंदू पुन्हा त्याच अशक्य जागी. मी दुरुस्तीची संख्या बदलली, आणि या वेळी तो लिफ्टच्या मोटारीवर पडला. लिफ्टवाल्याला बोलावून मोटार उघडायला लावली. ती उघडली तेव्हा तुझी भावजय भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होती, हा निव्वळ योगायोग. पाऊण तास ती आत होती. जाळीतून मला काहीतरी परत परत सांगत होती, बोटाने वरही दाखवत होती. मी धीर द्यायला "आलो, आलो" म्हणत राहिलो. बाहेर आल्यावर तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी निरीक्षकसाहेबांनी मला जिन्यात गाठलं आणि साप म्हणून भुई धोपटणं आता पुरे, अशा अर्थाचं काही ऐकवलं. सभा दोन दिवसांवर आलेली. मग आज, शनिवारी, दुपारी डॉक्टर स्वतः वर आले. त्यांनी नकाशा पाहिला, डब्या पाहिल्या, आणि विचारलं की ही दुरुस्तीची संख्या म्हणजे काय भानगड आहे. मी समजावून सांगितलं. ते नकाशावर पुन्हा वाकले. मग माझ्या अगदी समोर येऊन, त्यांच्या सवयीने तोंड मोठं उघडून म्हणाले की पेशंट एका दाताकडे बोट दाखवतो आणि दुखणं निघतं भलत्याच दातात. अशा वेळी आम्ही फोटो काढतो, आणि फोटोत दिसतो तोच दात कोरतो. आज दवाखान्याला कुलूप लावून आलो आहे. किल्ली ही घ्या. एकदा दुरुस्ती न करता बघू.

तेव्हा मोठ्या मनाने मी दुरुस्ती वगळली. बिंदू उमटला. आम्ही दोघं त्या जागी गेलो. एका न्हाणीघराच्या खिडकीत, डक्टच्या बाजूला, पत्र्याचा एक डबा होता. डॉक्टरांनी डबा उघडला, आतून बोटाच्या पेराएवढं एक यंत्र काढलं, त्याच्या पोटातलं इवलंसं झाकण नखाने उघडलं, आणि म्हणाले, थांबली. घर कोणाचं, हे मी लिहिणार नाही. मालक वयस्क आहे, अब्रूदार आहे, आणि त्याने हे मुद्दाम केलेलं नाही याची मला खात्री आहे. डॉक्टरांनी यंत्र त्याच्या हातात ठेवलं, सवयीने नळाखाली हात धुतले आणि खाली गेले. काम फत्ते झालं. शिट्टी बंद, डॉक्टर निर्दोष, शास्त्राचा विजय. दुरुस्तीच्या संख्येबाबत थोडं इकडेतिकडे झालं असेल, पण मूळ मांडणी माझीच होती हे कोणी नाकारू शकत नाही. भाऊजींना हे पत्र वाचून दाखव, त्यांना यंत्रांची आवड आहे.

कळावे, लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

तुझा,
खटपट्या

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी पत्र तुझ्या भावजयीने वाचायला घेतलं. (मी दिलं नव्हतं.) घर कोणाचं हे लिहिल्याशिवाय ती तिकीट लावू देणार नाही म्हणते. तिने तिकिटं मुठीत धरून ठेवली आहेत. तेव्हा लिहितो. घर आमचं. पालथी बादलीही तिथलीच. लिफ्टमधून ती बोटाने वर दाखवून हेच सांगत होती म्हणे, की आवाज आपल्याच न्हाणीघरातून येतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंही तिने आत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं.

आणखी ता. क. : अजून तिकीट मिळालं नाही. डबा माझ्या दाढीच्या सामानाचा. म्हणून त्याला ती कधी हात लावत नाही. आणि आतलं यंत्र म्हणजे, ताई, तू मला पाठवलेलं ते कानाचं यंत्र. तुझ्या हौसेखातर मी ते ठेवून घेतलं होतं. मला त्याची गरज नव्हती, असं माझं तेव्हा मत होतं. पण दर एक तारखेला तुझा फोन येतो आणि पहिली गोष्ट तू विचारतेस, सेल बदललास का? (ते नेहमीचं असल्यामुळे मला न ऐकताही कळतं.) तुझ्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणून फोन यायच्या आधी मी दर एक तारखेला न चुकता नवा सेल घालतो, झाकण लावतो, यंत्र डब्यात ठेवतो, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, हो, बदलला. यंत्र बंद डब्यात चालू राहिलं की स्वतःचाच आवाज स्वतः ऐकून शिट्टी मारत बसतं, आणि सेल संपेपर्यंत मारतं, हे आज डॉक्टरांकडून कळलं. माझं एक वाक्य खरं राहावं म्हणून आठ महिने अख्खी इमारत किंचाळत होती.

आणखी एक : शनिवार संध्याकाळ. फळ्यावर नवा कागद लागला. आज दवाखान्याला कुलूप होतं आणि आजच दुपारपासून शिट्टी बंद आहे, तेव्हा आणखी पुराव्याची गरज नाही, उद्याची सभा फक्त सह्यांसाठी, खाली निरीक्षकसाहेबांची सही. डॉक्टरांना सगळं माहीत असूनही त्यांनी तोंड उघडलेलं नाही. मी खाली गेलो तर ते बाटल्या खोक्यात भरत होते. मला पाहून खुर्ची सरकवली आणि म्हणाले, बसा, जायच्या आधी दाढ पुरी करून देतो. मी बसलो नाही, ताई. मला लाज वाटली. आठ आकृत्या आणि एक भाषण मी उद्यासाठी तयार केलं होतं, त्यात शिट्टीचं कारण "तांत्रिक" असं लिहिलं होतं. ते फाडून टाकलं.

रविवार, दुपार : सभा झाली. सगळा गाव जमला होता. निरीक्षकसाहेबांनी ठराव वाचला, म्हणजे त्यांचे ओठ हलले. डॉक्टर शेवटच्या रांगेत बसले होते. मी उठलो, दाढीचा डबा टेबलावर ठेवला, यंत्रात सेल घातला, यंत्र आत टाकलं आणि झाकण लावलं. मला काहीही ऐकू आलं नाही. पण पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांचे हात एकदम कानांवर गेले. तोवर मला वाटत होतं की लोक जरा वाढवूनच सांगतात. मी म्हणालो, ही शिट्टी माझी आहे, डॉक्टरांची नाही, आणि मला ती ऐकू येत नाही. गेली काही वर्षं मला बरंच काही ऐकू येत नाही. पुढे कोण काय बोललं कळेना, म्हणून डबा उघडून यंत्र कानात घातलं. ताई, तुझ्या यंत्रातून स्वच्छ ऐकलेलं पहिलं वाक्य निरीक्षकसाहेबांचं होतं, "मग माझ्या गीझरचं काय?" पण ठराव त्यांनीच फाडला. वजन करून झाल्यावर तराजूला दोष देऊ नये, एवढं मला ऐकवून घेतलं, आणि मग डॉक्टरांकडे जाऊन सगळ्यांदेखत माफी मागितली. खुर्ची जिथे आहे तिथेच राहते. मंगळवारी दाढ.

शेवटचं, आणि खरं म्हणजे हे पत्र यासाठीच : आज जेवताना तुझ्या भावजयीने अगदी हळू विचारलं, आणि मला ऐकू आलं, की या महिन्यात ताईंचा फोन आला तेव्हा त्या माझ्याशी का नाही बोलल्या? तेव्हा मला आठवलं. एक तारखेला तू फोन केलास. सेलचं झालं. मग तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस, आणि मध्येच थांबलीस. माझी पाळी आली असं समजून मी म्हणालो, "वा, छान झालं." फोन बंद झाला. मी म्हटलं, लाइन गेली.

तुझ्या भावजयीला यातलं काही ठाऊक नाही, म्हणजे ते तू फक्त मला सांगितलं होतंस. ताई, ते पुन्हा सांगशील का? फोन कर. मी यंत्र कानात घालूनच बसलो आहे. तू थांबलीस तरी या वेळी मी मध्ये बोलणार नाही.